म्हशीचा काळा

आबांनी १९७९ साली काढलेला एक फोटो आमच्या सोप्यात अजून टांगलेला आहे. रंकाळ्यात पोटापर्यंत उतरलेल्या चार म्हशी, एकीच्या पाठीवर बसून तिला घासणारा पोरगा, मागं मावळतीचा उजेड. ओल्या पाठींवर प्रकाशाची एकेक रेघ आणि पोटाखाली, जिथं पाणी सुरू होतं तिथं, गच्च काळोख. इंदू छापाच्या ग्लॉसी ब्रोमाइड कागदावरचा हा प्रिंट. मेटॉल-हायड्रोक्विनोनचा डेव्हलपर घरी कालवून केलेला, धुतलेला, मग ग्लेझिंग मशीनच्या तापलेल्या पत्र्यावर चिकटवून चकचकीत केलेला. कागदाच्या कडा पिवळ्या पडल्यात, पण म्हशी अजून काळ्याकुळकुळीत आहेत.

काळाकुळकुळीत म्हणजे चमकणारा काळा. काळाठिक्कर वेगळा, काळाभोर वेगळा. काळपट आणि काळसर म्हणजे काळा व्हायचा राहून गेलेला. गेली तीन वर्षं मी या शब्दांमधलं अंतर मोजते आहे. एका वहीत, दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांपर्यंत.

सुरुवात अशी झाली. आबांचा स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली, डार्करूमची अडगळीची खोली झाली. निगेटिव्ह मात्र ट्रंकेत नीट होत्या. त्या स्कॅन करायला घेतल्या, एक वापरलेला एप्सन ३८८० प्रिंटर घेतला, हानेम्युलेच्या फोटो रॅग या सुती मॅट कागदाचा एक खोका आणला (३०८ ग्रॅमचा, हातात घेतला की पोळपाटावरच्या भाकरीसारखा जड वाटतो), आणि पहिला प्रिंट म्हशींचाच काढला. मला तो आवडला होता. आबांनी तो खिडकीशी नेला, भिंतीवरचा जुना काढून शेजारी धरला.

“काळं बसलं न्हाई गं,” म्हणाले. “म्हस राखंत लोळल्यागत दिसतीया.”

“आबा, मॅट कागद आहे हा. चमक नसणारच.”

“चमक न्हाई म्हणत मी. काळं म्हणतोय.”

दोन दिवस मी वाद घातला. पण प्रिंट एकटा टेबलावर ठेवला की म्हैस काळी दिसायची आणि जुन्याच्या शेजारी नेला की राखाडी. डोळ्याचं हे असंच आहे. समोर जे सगळ्यात गडद असेल त्याला तो काळा म्हणतो आणि बाकीचं त्यावरून ठरवतो. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. डोळ्याचा हा स्वभाव मी वर्गात सांगितलेला आहे, पण स्वतःच्या प्रिंटवर तो मला कळायला आबा लागले.

चूक सापडली ती साधी होती. या प्रिंटरमध्ये काळ्या शाया दोन असतात, मॅट ब्लॅक आणि फोटो ब्लॅक. एका वेळी एकच वापरली जाते आणि कुठली ते तुम्ही निवडलेल्या कागदाच्या नावावरून ठरतं. मी यादीतून लस्टर कागद निवडला होता. म्हणजे चमकदार कागदासाठीची फोटो ब्लॅक मी सुती मॅट कागदाला पाजली. ती त्यात खोल मुरते आणि वर काळेपणा उरत नाही. मॅट ब्लॅकचे रंगकण कागदाच्या वरच्या थरातच थांबतात. शाई बदलली, म्हशी पुन्हा छापल्या. आबा म्हणाले, “हां. आता बसाय लागलंय.”

‘बसाय लागलंय’ म्हणजे किती? हे मला हवं होतं.

शिवाजी उद्यमनगरात एका ओळखीच्यांचा ऑफसेट प्रेस आहे. त्यांच्याकडे डेन्सिटोमीटर असतो, शाई किती चढली ते बघायला. माझा नवा प्रिंट घेऊन गेले. यंत्र टेकवलं, आकडा आला १.८८. मी घरी येताना रस्ताभर खूश. पुढं दोन महिन्यांनी स्वतःचं यंत्र घेतलं, वापरलेलाच एक आय-वन प्रो, आणि त्याच प्रिंटवरच्या त्याच काळ्यावर ठेवलं तर १.६२. एकच चौकोन आणि दोन आकडे. कुठलं यंत्र बिघडलंय या विचारात एक रविवार गेला. बिघडलेलं एकही नव्हतं.

हे आकडे घनतेचे. घनता म्हणजे काय ते आधी सांगते, मग हा फरक उलगडेल. कागदावर जेवढा उजेड पडतो त्यातला किती परत येतो ते बघायचं. दहावा भाग परत आला तर घनता १. शंभरावा भाग आला तर २. म्हणजे उलट्या प्रमाणाचा लॉग, बारावीच्या लॉग टेबलातला तोच. ही कल्पना १८९० साली इंग्लंडमध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी फोटोच्या काचांसाठी मांडली. लॉग घेण्याचं कारण फार सोयीचं आहे: अंधाराकडे जाताना डोळ्याला जाणवणाऱ्या पायऱ्या साध्या टक्केवारीत इतक्या जवळ येतात की वाचताच येत नाहीत. फोटो ब्लॅकच्या चुकीच्या प्रिंटची घनता पुढं मोजली तर १.३८ भरली. म्हणजे चार टक्क्यांच्या जरा वर उजेड परत येत होता. चांगल्या मॅट काळ्याची १.६६ येते, म्हणजे दोन टक्क्यांच्या जरा वर. चार आणि दोन, टक्केवारीत किरकोळ वाटतं. पण राखेत लोळलेली म्हैस आणि धुतलेली म्हैस यांच्यात एवढंच अंतर आहे.

आता प्रेसच्या यंत्राचं. त्यात पोलरायझिंग फिल्टर होता. ओली शाई चमकते, वाळली की चमक जाते आणि आकडा पडतो. प्रेसवाल्यांना मशीन चालू असतानाच वाळल्यानंतरचा अंदाज हवा असतो. म्हणून पृष्ठभागावरून सरळ उसळणारा उजेड तो फिल्टर गाळून टाकतो. मॅट कागदाचा तर पृष्ठभाग म्हणजेच अडचण. बारीक खडबडीतपणामुळं तिथला उजेड सगळ्या दिशांना उसळतो, थोडा डोळ्यातही येतो आणि काळ्यावर भुरी आल्यासारखी बसते. फिल्टरनं ती भुरी काढली की आकडा वर जातो. पण आबांच्या डोळ्यावर असा फिल्टर नाही. त्यांना १.६२ च दिसत होता.

दुसरी मेख अशी की प्रेसवाले यंत्र आधी कोऱ्या कागदावर शून्य करतात. माझ्या कागदाची स्वतःची घनता ०.०४ आहे, म्हणजे तेवढी वजा होते. म्हणून कुणी मला “माझा काळा अमुक येतो” असं सांगितलं की मी आधी तीन गोष्टी विचारते: कागद धरून की वगळून, फिल्टर कुठला, आणि छापल्यावर किती वेळानं मोजला. मी स्वतः दुसऱ्या दिवशी सकाळी मोजते. ताज्या छपाईवरचं वाचन टिकत नाही, आणि ओल्या शाईवर यंत्र घासलं तर पुढच्या चौकोनावर काजळी ओढली जाते ती वेगळीच.

आबांचा जुना प्रिंटही मोजला. पोटाखालच्या काळोखात २.०२. पिवळ्या पडलेल्या पांढऱ्याची ०.०८. म्हणजे त्यांच्या पांढऱ्यातून काळ्याच्या सत्याऐंशी पट उजेड येतो. माझ्या मॅट प्रिंटमध्ये, सगळं जमलं तरी, बेचाळीस पट. आबांच्या निम्म्यापेक्षा कमी. आबांनी नुसत्या नजरेनं खिडकीशी जे सांगितलं होतं त्याचा हा हिशेब.

मग माझ्या डोक्यात आलं ते कुणाच्याही आलं असतं. शाई वाढवू.

क्वाडटोनरिप नावाची एक आज्ञावली आहे, रॉय हॅरिंग्टन यांनी केलेली. तिच्यात प्रत्येक काळ्या-राखाडी शाईला किती सोडायचं ते आपल्या हातात येतं. तिच्या चाचणी पानावर एकेका शाईचे थोडीथोडी वाढवत नेलेले चौकोन छापले जातात. मॅट ब्लॅकची ओळ मी मोजली. ४५ टक्के शाईला १.५२, ५५ ला १.६१, ६५ ला १.६६, ७५ ला पुन्हा १.६६, ८५ ला १.६५, आणि पूर्ण १०० ला १.६२. हे मी तीनदा मोजलं. जास्त शाई घातली तर काळा उजळत होता! कागदाच्या लेपात जागा संपली की वरची शाई नुसती साचते, तिचा पोत बदलतो, बारीक रेषा फुगतात, आणि घनता उलट उतरते. माझा १.६२ चा प्रिंट या शेवटच्या चौकोनासारखा झाला होता. गरजेपेक्षा जास्त प्यालेला.

मी ते पान आबांपुढं ठेवलं. आकडे झाकून. “काळं कुठं बसतंय?” एवढंच विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान उजेडाला तिरकं धरलं आणि बोट ठेवलं. ६५ वर.

“हितनं म्होरं काय वाढत न्हाई,” म्हणाले. “मग कशाला घालायची?”

एकट्या प्रिंटवर फसणारा डोळा शेजारशेजारच्या दोन चौकोनांमधली कड मात्र फार बारीक पकडतो. आणि हे त्यांना यंत्राशिवाय जमतं याचं कारण आहे. डार्करूममध्ये ते कुठल्याही फिल्मचा पहिला प्रिंट करण्याआधी तिची मोकळी कड, जिथं चित्र नाही अशी, कागदावर ठेवून एका पट्टीवर दोन-दोन सेकंद वाढवत उजेड द्यायचे. ज्या सेकंदाला कागद पूर्ण काळा होतो आणि पुढं काही वाढत नाही, तो सेकंद त्या कागदाचा. त्याहून कमी दिला तर काळं बसत नाही. जास्त दिला तर काळ्यात काही भर पडत नाही, उगाच पांढऱ्याचं मातेरं होतं. माझ्या लहानपणी अशा पट्ट्या घरात वाटेल तिथं सापडायच्या, मागं पेन्सिलीनं सेकंद लिहिलेल्या. मी त्यांच्या होड्या केल्यात. कमीत कमी उजेडात जास्तीत जास्त काळा. मी तेच शाईत करत होते, आणि मला वाटत होतं की मी काहीतरी नवीन शिकतेय.

मॅट कागदावर १.६६ च्या पुढं मला जाता आलं नाही. भिंत शाईची नाही, पृष्ठभागाची आहे. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर चपलांचा खोका घ्या, आतून काळं मखमल लावा, झाकणाला पाच रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडा, आणि ते भोक प्रिंटमधल्या सगळ्यात काळ्या जागेशेजारी धरा. भोकात गेलेला उजेड आत आपटत आपटत संपतो, बाहेर जवळपास काहीच येत नाही. त्या भोकाशेजारी माझा १.६६ चा काळा पाटीसारखा दिसतो. आबांचा २.०२ सुद्धा डगमगतो. हा खोका मी वर्गातही नेते.

चमकदार बरायटा कागद आणि फोटो ब्लॅक घेऊन मी आबांच्या पुढंही गेले, २.३१ पर्यंत. आकडा बघून दोन दिवस मी हवेत होते. मग तो प्रिंट सोप्यात खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला आणि म्हशींच्या जागी मला खिडकीचे गज दिसले. गुळगुळीत पृष्ठभाग समोरून पडलेल्या उजेडातला साधारण चार टक्के आरशासारखा परत फेकतो. माझं यंत्र ४५ अंशांतून उजेड टाकतं आणि सरळ वरून बघतं, त्यामुळं आरशाचा उजेड त्याच्या वाटेला येतच नाही. माणूस मात्र खिडकी असलेल्या खोलीत उभा असतो. चार टक्के म्हणजे घनता १.४. यंत्रातला २.३१ भिंतीवर चुकीच्या जागी टांगला तर मॅटपेक्षाही फिका पडतो. आबांनी त्यांचा प्रिंट खिडकीच्याच भिंतीवर, खिडकीकडं पाठ करून, का लावलाय ते मला चव्वेचाळीस वर्षांनी समजलं. मी मॅटवर परत आले. मला तो आवडतो हेही कारण आहेच. सुती कागदावरचा काळा हात फिरवावासा वाटतो.

वहीचा खरा उपयोग गेल्या पावसाळ्यात झाला. प्रत्येक छपाईसोबत मी एक छोटी पट्टी छापते आणि काळ्याची घनता नोंदवते. जूनच्या सुरुवातीला १.६६. मग १.६५, १.६३, १.६१. ऑगस्टमध्ये १.५८. रोज बघणाऱ्या डोळ्याला यातलं काही कळलं नाही, मला नाही आणि आबांनाही नाही, कारण रोज थोडं थोडं उतरत होतं. वही नसती तर दिवाळीपर्यंत मी परत राखेतल्या म्हशी छापत बसले असते.

कोल्हापूरचा जुलै म्हणजे कपाटातल्या कपड्यांनाही वास येतो, म्हणून आधी संशय दमट हवेवर. कागद दोन दिवस बंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवून छापला: १.५९. ते नाही. मग यंत्रावर संशय. यंत्राच्या काचेवर धूळ बसली तर आत भरकटलेला उजेड थोडा वाढतो. तीन दशांश टक्के वाढला तरी पांढऱ्यावर पत्ता लागत नाही, पण काळ्यात मुळातच दोन टक्के असल्यानं १.६६ चा १.६० होतो. आकडे जुळत होते, म्हणून मी जवळजवळ खात्री करून टाकली होती. पण जूनमधली एक पट्टी मी लिफाफ्यात, अंधारात, जपून ठेवलेली होती. ती वाचली. १.६५. यंत्र ठीक होतं, म्हणजे काळा खरंच उतरला होता. अशी एक साक्षीदार पट्टी ठेवा, एवढा एकच सल्ला मी हक्कानं देईन.

नोझलची, म्हणजे शाई सोडणाऱ्या छिद्रांची, चाचणी छापली तर एकही रेघ तुटलेली नाही. कागदाचा खोका तोच. उरली ती शाई. मॅट ब्लॅकची कार्ट्रिज महिनोन्‌महिने एका जागी बसून होती. ही शाई म्हणजे पाण्यात तरंगत ठेवलेले कार्बनचे कण, काजळच एका अर्थानं, आणि तरंगतं ते हळूहळू तळाला बसतं. कार्ट्रिज काढली, पाळण्यासारखी पाच मिनिटं या कुशीवरून त्या कुशीवर हलवली. परत बसवली, छापलं: १.५९. निराश झाले. मग लक्षात आलं की या प्रिंटरमध्ये शाई कार्ट्रिजमधून लांब नळ्यांतून प्रिंट हेडपर्यंत जाते, नळीतली जुनी पातळ शाई आधी संपायला हवी. रोजची कामं छापत गेले. पाचव्या दिवशी १.६३, दहाव्या दिवशी १.६५. आता दर महिन्याच्या एक तारखेला कार्ट्रिज हलवायची, असं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेलं आहे, गॅसच्या नोंदीखाली.

काळा मिळाला की काम झालं असं मला वाटत होतं, पण खरी कसोटी त्याच्या अलीकडच्या पायऱ्यांची असते. एकवीस टप्प्यांची पट्टी छापली तेव्हा शेवटच्या तीन, म्हणजे ९०, ९५ आणि १०० टक्क्यांच्या चौकोनांच्या घनता १.६३, १.६५, १.६६ होत्या. तीन नावांचा एकच काळा. पूर्ण पट्टी मोजून, ते आकडे परत आज्ञावलीला देऊन पायऱ्या डोळ्याला सारख्या अंतराच्या करून घेतल्या. आता त्या १.३७, १.५१, १.६६ येतात. तळ तोच राहिला आणि वरच्या दोन पायऱ्या मोकळ्या झाल्या.

या नव्या पट्टीवर म्हशी छापल्या आणि तिसऱ्या म्हशीच्या पोटाखाली, जिथं मी जन्मभर नुसता काळोख बघितला, तिथं एक रेडकू निघालं. नाकपुड्या पाण्याच्या वर, एक कान, डोळ्यात उजेडाचा टिपका. निगेटिव्हवर ते सगळं होतं. मी प्रिंट घेऊन धावतच सोप्यात गेले.

“आबा, रेडकू आहे इथं!”

“ठावं हाय की. मीच बुडवलंय त्येला.”

“बुडवलंय?”

“त्ये दिसलं की पोराकडं कोण बघतंय? समदी रेडकाकडं बघत्यात.” त्यांनी प्रिंट लांब धरला, जवळ घेतला. “पर काळं बसलंय आता. झ्याक बसलंय.”

मी दोन प्रिंट काढलेत. एकात रेडकू १.५१ वर आहे, दुसऱ्यात मी त्याला हातानं १.६६ मध्ये बुडवलंय, आबा बाकी फोटोवर हाताची सावली धरून तेवढ्या जागेला जादा उजेड द्यायचे तसं. दोन्ही जेवणाच्या टेबलावर वाळतायत, पट्ट्या शेजारी. सकाळी मोजीन. सोप्यात कुठला लावायचा यावर रात्रीच्या जेवणाला पुन्हा वाद झाला. आई रेडकाच्या बाजूनं आहे.